निपाणीची पहिली वेलांटी

एक वेलांटी दोन महिने डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकतोय.

बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी लॅबचा सर्व्हर सांभाळतो. विद्यार्थी ब्राउझरमधून लॉगिन करतात, प्रत्येकासाठी एक कंटेनर, म्हणजे सर्व्हरवरचा वेगळा बंद कप्पा, उभा राहतो आणि त्यात जुपिटर नोटबुक, म्हणजे कोड लिहून तिथंच चालवायचं पान, चालतं. त्या कंटेनरची इमेज, म्हणजे ज्यावरून तो उभा राहतो तो साचा, बांधायची जबाबदारी माझी. पाया म्हणून जुपिटरवाल्यांचीच तयार इमेज, वर आमची भर. तिच्यातल्या युजरचं नाव ‘जोव्हियन’, क्रमांक १०००, गट १००. बाहेरचं फोल्डर जोडताना मालकी जुळली नाही, की ‘परमिशन डिनाइड’ म्हणत पोरं माझ्या दारात. सेमिस्टरचा पहिला आठवडा त्यातच जातो.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आसपासच्या मराठी आणि कन्नड शाळांतली मुलं लॅब बघायला येणार होती. तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी बेळगाव जिल्ह्यातल्या पावसाचे आलेख केले होते, तालुक्यांची नावं दोन्ही लिप्यांत. खानापूरचा खांब छताला टेकलेला, अथणीचा गुडघ्याएवढा. फक्त नावांच्या जागी चौकोन. आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये ना देवनागरी, ना कन्नड.

डॉकरफाइलमध्ये, म्हणजे इमेज बांधायच्या कृतीत, रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन दोन्ही लिप्यांचे नोटो फॉन्ट घातले, परत जोव्हियन झालो, इमेजला नवा टॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, लावला. माझ्या चाचणीच्या खात्यात अक्षरं आली, पोरांच्या खात्यात मात्र चौकोन तसेच. यात अर्धी रात्र गेली. मॅटप्लॉटलिब फॉन्टची यादी एकदाच करतं आणि युजरच्या होम फोल्डरमधल्या कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायच्या साठ्यात, ठेवतं. आमच्याकडे होम फोल्डर बाहेरून येतं, त्यामुळे इमेजमधलं होम त्याच्याखाली झाकलं जातं. इमेज नवी, फॉन्ट नवा, पण पोरांच्या घरात यादी गेल्या वर्षीची. सगळ्यांच्या कॅश उडवल्या आणि ती यादी होमबाहेर हलवली. हे कुणी शिकवत नाही. आमच्याकडे कंटेनर शिकवणारे ‘हॅलो वर्ल्ड’ चालवून दाखवतात आणि पुढच्या विषयाला लागतात.

पहाटे ‘बेळगाव’ लिहून आलेख काढला. सुरेख आला. घरी जाऊन झोपलो.

सकाळी साडेआठला पोरांनी छापलेले आलेख आमचे अटेंडर मामा भिंतीला चिकटवत होते. मामा निपाणीचे. एक कागद हातात धरून ते तसेच उभे राहिले.

“सर, आमचं गाव फोडलंय की हो.”

बघितलं, तर खरंच. ‘न’ एकटा उभा, आणि त्याची पहिली वेलांटी जाऊन बसलेली पुढच्या ‘पा’च्या गळ्यात. चिकोडीचंही तेच, वेलांटी ‘को’वर. कित्तूरमध्ये वेलांटी तर घसरलेलीच, शिवाय ‘त्त’ फुटून खाली पाय मोडलेला ‘त’. रामदुर्गचा रफार चढलाच नाही, ‘र्’ आणि ‘ग’ शेजारी शेजारी.

झालं होतं असं. संगणकात ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर साठवली जाते आणि दाखवताना अक्षराआधी आणावी लागते. हे मागेपुढे करण्याचं, जोडाक्षरं जुळवण्याचं काम फॉन्ट एकटा करत नाही, त्यासाठी वेगळा जुळारी लागतो. ब्राउझरमध्ये तो असतो. आमच्या मॅटप्लॉटलिबमध्ये नव्हता, ते साठवलेल्या क्रमानं एकेक अक्षर मांडत गेलं. ‘बेळगाव’मध्ये ऱ्हस्व वेलांटी नाही, जोडाक्षर नाही, रफार नाही. खानापूर, गोकाक, अथणी, रायबाग यांतही नाही. माझ्या गावाचं नाव त्या परीक्षेत पास होणारच होतं.

याहून जास्त बोचतं ते वेगळंच. चौकोन दिसत होते तोवर प्रत्येक नोटबुकात लाल पट्टीवर इंग्रजीत स्पष्ट लिहून येत होतं, की मॅटप्लॉटलिब सध्या देवनागरीला मुळातून आधार देत नाही. पण तो इशारा येतो फॉन्टमध्ये अक्षर सापडलं नाही तरच. मी फॉन्ट घातला आणि खरं बोलणारं तेवढं एक तोंड बंद झालं. लाल पट्टी गेली, म्हणून मी खूश.

कन्नड आलेख तर आणखी वाईट. हुक्केरीतला ‘क्क’चा ओत्तक्षर, म्हणजे कन्नड जोडाक्षरातलं दुसरं अक्षर, खाली बसायचा तो बाजूला पडलेला. आमच्या कन्नड बोलणाऱ्या मॅडमनी तो आदल्या रात्रीच पाहिला होता. म्हणाल्या, “कॉम्प्युटरमध्ये तसंच येतं की.” त्यांना काय बोलायचं? बॅनरवर, पावत्यांवर मोडकी अक्षरं बघून आपण दोन्हीकडचे सरावलोय.

मुलं साडेदहाला येणार. नवी इमेज बांधायला वेळ नव्हता. आलेख एसव्हीजीत, म्हणजे ब्राउझर स्वतः रेखाटतो अशा चित्रप्रकारात, काढायचा आणि नावं रेघा म्हणून नाही, मजकूर म्हणूनच ठेवायची, अशी एक सेटिंग आहे. मग अक्षरं जुळवायचं काम ब्राउझरवर पडतं. नोटबुकच्या वर दोन ओळी घातल्या आणि निपाणी सांधली. ब्राउझरमधूनच पुन्हा छापलं, मामांनी जुने कागद ओरबाडून काढले.

पण आता फॉन्ट हवा समोरच्या कॉम्प्युटरवर. मी रात्रभर तो कंटेनरमध्ये कोंबत होतो! विंडोजच्या मशिनांवर काही अडलं नाही. कोपऱ्यातल्या चार जुन्या लिनक्स मशिनांवर परत चौकोन. पेनड्राइव्हनं तिघांवर फॉन्ट टाकला, चौथ्याचा पडदा भिंतीकडे फिरवला. तेवढ्यात पोरांचा घोळका जिन्यात.

आता ती सेटिंग इमेजमध्येच आहे, होमच्या बाहेर. चाचणीच्या नोटबुकात बेळगाव नाही. निपाणी, चिकोडी, कित्तूर, रामदुर्ग, हुक्केरी आहेत. आलेख निघाला, की बिल्ड, म्हणजे इमेजची बांधणी, हिरवं होतं. वेलांटी कुठं बसली ते बिल्डला कळत नाही, म्हणून प्रत्येक नव्या टॅगआधी तो कागद छापतो आणि मामांपुढे धरतो.

परवा एका पोरानं रिपोर्टसाठी आलेख थेट पीडीएफमध्ये काढला. त्या वाटेवर ब्राउझर येतच नाही, आणि मी अजून तिथं पोचलेलो नाही. मामा प्रिंटरपाशीच उभे होते.

“निपाणी न्हाई ह्यात. पण संकेश्वराचं काय झालंय बघा की.”