मिलानचे कालवे : नावेचे तिकीट काढण्याआधी पाणी आहे का ते विचारा

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मिलानच्या नाव्हिल्यो ग्रांदे या कालव्यावर पोहोचलो, तेव्हा त्यात पाणीच नव्हते. तळाचा गाळ उघडा पडला होता, त्यात एक सायकल निम्म्या चाकापर्यंत रुतली होती आणि मी तीन आठवड्यांपूर्वी काढलेले नौकाविहाराचे तिकीट घेऊन धक्क्यावर उभा होतो. हा कालवा आजही शेतीला पाणी देतो. साफसफाई आणि डागडुजीसाठी तो ठरावीक काळ कोरडा ठेवतात आणि त्याला तेथे ‘अश्शुत्ता’ म्हणतात. आपल्याकडे पाटाचे आवर्तन बंद होते तसाच हा प्रकार आहे. तिकीट विकणाऱ्या मध्यस्थाने माणशी २५ युरो घेताना याचा उल्लेख केला नाही, आणि पैसे परत मागितल्यावर बसने शहर दाखवतो असे सांगितले. ही सरळ फसवणूक आहे. कालव्यांचे व्यवस्थापन पाहणाऱ्या एस्त तिचिनो व्हिल्लोरेसी या संस्थेचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय नावेसाठी एक पैसाही आगाऊ देऊ नये.

नाव नसली तरी कालवे पायी समजतात, आणि माझ्या मते अधिक चांगले समजतात. दुओमोचे, म्हणजे मिलानच्या मुख्य कॅथेड्रलचे, बांधकाम १३८६ मध्ये सुरू झाले. त्याचा संगमरवर कांदोल्याच्या खाणीतून माज्जोरे सरोवर, तिचिनो नदी आणि ११७७ मध्ये खोदायला घेतलेला हा कालवा अशा जलमार्गाने येई. शहराच्या आतल्या खंदकाची पातळी मात्र कालव्याहून उंच होती, त्यामुळे होड्या वर चढवण्यासाठी पंधराव्या शतकात व्हियारेन्ना येथे जलपाश, म्हणजे दोन दरवाजांमध्ये पाणी भरून होडी वर उचलणारा हौद, बांधला गेला. दुओमोमागच्या व्हिया लागेत्तोपासून सुरुवात करावी. दगड उतरवण्याचे तळे येथेच होते, ‘लागेत्तो’ म्हणजे छोटे तळे, रस्त्याच्या नावात ते अजून शिल्लक आहे. तेथून फ्रांचेस्को स्फोर्झा, सांता सोफिया आणि मोलिनो देल्ले आर्मी या रस्त्यांनी चालत राहावे, कारण १९२९-३० मध्ये बुजवलेला खंदक याच डांबराखाली आहे. हा टप्पा अत्यंत कंटाळवाणा आहे, गाड्यांचा आवाज डोके उठवतो, तरी तो टाळू नये. शेवटी व्हियारेन्नाचा तो जलपाश लागतो, आणि पाण्याविना राहिलेले ते दगडी पात्र पाहून मी थकवा पूर्ण विसरलो.

पुढे १६०३ चे दार्सेना बंदर आहे. २०१५ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले. त्यानंतर विकोलो देइ लावांदाईचा धोबीघाट लागतो, तेथे लाकडी छपराखाली कपडे घासण्याच्या तिरक्या शिळा अजून ओळीने आहेत. घासून घासून त्यांच्या कडा इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की हात लावल्यावाचून राहवत नाही.

काठावरची उपाहारगृहे संध्याकाळी महाग असतात. दरपत्रकात ‘कोपेर्तो’ हा शब्द दिसला तर तो बसण्याचा माणशी आकार असतो, म्हणून आधी तो आकडा वाचावा आणि मगच बसावे. काठाकाठाने सान क्रिस्तोफोरोच्या विटांच्या चर्चपर्यंत जावे आणि तेथून मेट्रोच्या चौथ्या मार्गिकेने परतावे; मी पुढे गाज्जानो या गावापर्यंत पायी गेलो, पण सावलीचा अभाव आणि एकसुरी वाट पाहता तो रस्ता फक्त सायकलस्वारांनीच धरावा.