हो म्हणजे हो : त्बिलिसीतला कामांचा दिवस

आदल्या संध्याकाळी नारिकाला किल्ल्यावरून उतरताना उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला. दुसऱ्या दिवशी जवळच्या म्त्सखेता गावाला जायचं ठरलं होतं, ते रद्द केलं. म्हटलं, आता साचलेली सगळी कामं उरकून टाकू. कपडे धुवायचे, बूट दुरुस्त करायचा, मेट्रोच्या कार्डात पैसे भरायचे. जॉर्जियाच्या या राजधानीत, त्बिलिसीत येऊन सहा दिवस झाले होते आणि सहाही दिवस नुसती पळापळ झाली होती.

आमचं हॉस्टेल सोलोलाकी भागातल्या एका जुन्या घरात आहे. मधे अंगण, भोवती लाकडी सज्जे, अंगणात द्राक्षाचा वेल. अशा अंगणाला इथे ‘इटालियन अंगण’ म्हणतात. वॉशिंग मशीनपाशी नाव लिहायचा कागद लावलेला असतो. माझा नंबर साडेनऊला लागला. ड्रायर नाही, कपडे सज्जातल्या दोरीवर घालायचे. ही दोरी दोन कप्प्यांवरून फिरते, एक कप्पी आपल्या कठड्याला आणि दुसरी समोरच्या भिंतीला. एक कपडा चिमट्यानं लावायचा, दोरी ओढायची, कपडा अंगणावर सरकतो आणि हाताशी पुढच्याची जागा होते. खाली न उतरता बादलीभर कपडे वाळत पडतात. मला ही युक्ती फार आवडली.

माझी जीन्स मात्र दोरीच्या बरोब्बर मधोमध गेली. दोरीला झोळ पडून पाय वेलाला टेकले. समोरच्या सज्जातल्या आजी मघापासून बघत होत्या. “बेबो!” त्यांनी हाक मारली आणि खुणेनं सांगितलं, सगळं परत ओढ, जड कपडा टोकाला, हलके मधे. पुन्हा सगळं घातलं. दोरी ताठ राहिली.

काउंटरवरच्या मुलीला विचारलं, बेबो म्हणजे काय? आजी, ती म्हणाली. मग त्या मला आजी का म्हणाल्या? तर इथे मोठी माणसं लहानांना आपल्याच नात्यानं हाक मारतात. आई लेकराला ‘देदा’ म्हणजे आई म्हणते, बाप ‘मामा’ म्हणतो, कारण जॉर्जियनमध्ये मामा म्हणजे वडील! आपल्या मायेचं नाव समोरच्याला देऊन टाकायचं. त्या हाकेनं मला दिवसभर बरं वाटत राहिलं.

तिनंच मला होकार-नकार लिहून दिले. नाहीला ‘अरा’. होला तीन शब्द : वडीलधाऱ्यांशी ‘दियाख’, एरवी ‘की’ आणि घरच्यांशी, मित्रांशी ‘हो’. आपलाच हो, तसाच उच्चार.

चपला घालून, बूट पिशवीत टाकून स्वातंत्र्य चौकातून मेट्रो धरली. कार्ड भरलं, एका फेरीला एक लारी (लारी म्हणजे इथलं चलन). सरकता जिना इतका लांब की लोक उतरता उतरता पुस्तक वाचतात. ही मेट्रो 1966 साली सुरू झाली, सोव्हिएत संघातली मॉस्को, लेनिनग्राद आणि कीवनंतरची चौथी. मी सादगुरिस मोएदानीला, म्हणजे रेल्वे स्टेशनच्या चौकात उतरले. जवळच देझेर्तिर बाजार आहे आणि बाजाराकडेला बूट दुरुस्तीची एक टपरी.

आत सत्तरीचे आजोबा. त्यांनी बूट हातात घेऊन तळ वाकवून पाहिला. रापीनं जुना सुकलेला गोंद खरवडला, काचकागद घासला, ब्रशनं नवा गोंद लावला आणि बूट बाजूला ठेवून दिला. गोंद बोटाला चिकटेनासा झाल्यावर दुसरा हात दिला. मग छोट्या शेगडीवर तळ शेकला, दाबून बसवला, लोखंडी साच्यावर उलटा घालून हातोडीनं कडेकडेनं ठोकला. वर आरीनं शिवण. मधेच डावा बूट उचलून त्यांनी कडेची बारीक फट मला दाखवली आणि भुवया उंचावल्या.

“हो,” माझ्या तोंडून निघून गेलं. दियाख म्हणायचं होतं, आठवलं नाही.

“हो?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“हो, हो,” म्हणत त्यांनी डावा बूट कामाला घेतला.

तेवढ्या वेळात बाजार फिरून आले. अक्रोड दोऱ्यात ओवून द्राक्षाच्या घट्ट रसात बुडवून वाळवलेल्या चुर्चखेलांच्या माळा, लोणच्यांची पिंपं, मसाल्यांचे ढीग. परत आल्यावर आजोबांनी रक्कम सांगितली. मला नुसतं ‘ओत्स’ कळलं, वीस. मी वीस लारी पुढे केले. त्यांनी सावकाश पुन्हा म्हटलं : ओत्स-दा-तखुत्मेती. वीस आणि पंधरा. इथली मोजणी विसाविसाची आहे, पस्तीस म्हणजे वीस-आणि-पंधरा, ऐंशी म्हणजे चार विसा. उरलेले पंधरा दिले. बूट पायात घातले आणि तिथेच दोनदा आपटून पाहिले, ते पक्के बसले होते.

हॉस्टेलच्या गल्लीत तळघरात तोने आहे, जमिनीत पुरलेली मातीची भट्टी. भट्टीवाला कणकेचा होडीसारखा लांबट गोळा भट्टीत वाकून आतल्या भिंतीवर थापतो आणि फुलला की लांब सळईनं काढतो. या भाकरीला शोतिस पुरी म्हणतात. इथे पुरी म्हणजे गव्हाची भाकरी. कागदातूनही हाताला चटका बसत होता. टोक मोडून चालता चालताच खाल्लं.

संध्याकाळी कपडे ओढून घेतले. जीन्सची कंबर गालाला लावून पाहिली. समोरच्या सज्जातून आजींनी मान हलवली.

“अरा.”

खरंच दमट होती. “दियाख, बेबो,” म्हणत मी ती परत टोकाकडे सरकवली.