मुलगी जेवत का नाही, हे विचारायला हवे

विदर्भातल्या खेड्यात किशोरवयीन मुलीचे वजन घटले की आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मनात आधी रक्तक्षय येतो, आणि तो विचार रास्तच आहे; पण लोहाच्या गोळ्या हातात ठेवताना ती जेवत का नाही, हे विचारायचे राहून जाते. घरात अन्न नसणे वेगळे आणि जाड होण्याच्या धास्तीने वाढलेले ताट टाळणे वेगळे. हा दुसरा प्रकार म्हणजे ॲनोरेक्सिया हा मानसिक आजार; तो शहरी श्रीमंतांचाच आहे, ही समजूत आता सोडायला हवी.

आपल्याकडे तो उपासाआड सहज लपतो. "थे आता लय देवधर्माची झाली, मॅडम, निरा पाण्यावर राह्यते," असे एका आईने कौतुकाने सांगितले होते. मी व्रतावरून वाद घालत नाही. उपास सुटल्यावर ती काय खाते, एवढेच विचारते. त्या मुलीला उपासाची साबुदाण्याची उसळसुद्धा नको असायची.

मुलीशी ती एकटी असताना बोलावे. जेवल्यावर मुद्दाम उलटी करतेस का, इतर बारीक म्हणत असताना स्वतःला जाड समजतेस का, पाळी थांबली आहे का, हे शांतपणे विचारावे. केवळ वजनाच्या आकड्यावर विसंबू नये, कारण आधी अंगाने भरलेली मुलगी झपाट्याने उतरली, तर वजन सामान्य दिसूनही तिच्या जिवाला धोका असू शकतो. नाडी आणि रक्तदाब आडवे झोपवून व उभे करून मोजावेत. जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली असेल, तर तिला रुग्णालयातच पाठवावे. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घातल्यास रक्तातले फॉस्फेट उतरून हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून तिथला आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवतात.

प्रकृती स्थिर असेल, तर लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात आकाराला आलेली कुटुंबाधारित उपचारपद्धती या वयासाठी विशेष उपयुक्त ठरली आहे. तिच्यात दोष कोणालाच दिला जात नाही. काय आणि किती खायचे हे आधी आईवडील ठरवतात, आणि वजन सावरू लागले की तो अधिकार हळूहळू मुलीकडे परत येतो. मात्र कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळीच वावरात जाते आणि दुपारच्या जेवणाला मुलीजवळ कोणी नसते, म्हणून पहिल्याच भेटीला मी आजीलाही सोबत बोलावते.