पिवळ्याचं लॉक, तीन कागद आणि माझंच ग्रीस

पिवळ्याने, म्हणजे माझ्या रेस्क्यू चाकूंच्या चाचण्यांतल्या एका घडीच्या चाकूने, दगा दिला. मागच्या तीन नोंदींत ज्याचं मी तोंड भरून कौतुक केलं, तोच. बॅकलॉक (मुठीच्या पाठीवरच्या लॉकबारचा दात पात्याच्या खाचेत बसतो आणि पातं उघडं धरून ठेवतो), दातेरी शीपफूट पातं (पाठ टोकाशी धारेकडे वळलेली), बोथट टोक. चाकू चिखलात माखवून उघडझाप करायच्या फेरीत चौदाव्यांदा उघडला, नेहमीसारखा 'टक्' आवाज आला, मी पात्याची पाठ लाकडी ठोकळ्यावर हलकेच आपटली आणि पातं सरळ माझ्या बोटांवर मिटलं. कट-रेझिस्टंट मोजा घातला होता म्हणून तर्जनीच्या पेरावर नुसता लाल वळ उठला. मोज्याला मात्र चांगली चीर गेली.

(पाठ ठोकायची चाचणी करताना धारेवर टेप गुंडाळा. हे मला माहीत होतं. त्या दिवशी टेपचं रीळ आतल्या खोलीत होतं आणि उठायचा कंटाळा आला, बाकी काही नाही.)

चाकू मिटला याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. चिखलात लॉक अडकणं नवीन नाही; काळ्या चाकूचं लायनर लॉक (मुठीतली पट्टी पात्यामागे सरकून ते अडवते) दुसऱ्याच फेरीत अर्ध्यावर रुतून बसलं होतं, ते आपण पाहिलंच. डोक्यात गेला तो 'टक्'. उलटलेल्या गाडीत एका हाताने माणसाला सावरून दुसऱ्या हाताने बेल्ट कापायचा असतो, तेव्हा लॉककडे बघायला सवड कुणाला? आवाज ऐकायचा आणि पुढे जायचं. तोच आवाज खोटं बोलत असेल तर काय करायचं?

पहिला संशय माझ्याच तळहातावर. मूठ घट्ट आवळली की लॉकबारचा मागचा भाग दाबला जाऊन लॉक सुटतं, हा बॅकलॉकचा जुना रोग. त्यासाठीच डेव्हिड बॉय यांच्या नावाने ओळखली जाणारी ती 'बॉय डेंट' खोबण असते, आणि पिवळ्याला ती आहे. तरी खात्री म्हणून नुसती बोटांच्या चिमटीत मूठ धरून पाठ ठोकली. पुन्हा मिटला. तळहात निर्दोष.

दुसरा संशय स्प्रिंगवर. माझ्याकडे त्याच मॉडेलचा एक कोरा जुळा आहे, अजून चिखल न पाहिलेला. हुकाच्या वजनकाट्याला दोरी बांधून दोघांचेही लॉकबार खाली ओढून पाहिले. आकडे जवळपास सारखेच. म्हणजे स्प्रिंगही ठीक.

मग झीज. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दात आणि खाच पुसली, दोन्हींवर काळा मार्कर फिरवला, कोरडाच वीस वेळा उघडझाप केला आणि भिंगाखाली धरला. दाताच्या अख्ख्या रुंदीवरची शाई उडाली होती, म्हणजे धातू धातूला नीट भिडतोय. हीच चाचणी चिखलात केली तर शाई वाळूच्या कणांनीच खरवडून नेली, आणि खरवड कुठली, टेकल्याची खूण कुठली, काही कळेना. दोन संध्याकाळी यात गेल्या. तिसऱ्या दिवशी वैतागून पिवळा पिशवीत टाकून 'बाद' अशी चिठ्ठी लावणार होते.

कागदाची कल्पना डुगडुगणाऱ्या टेबलाने दिली. पायाखाली घडी सरकवताना वाटलं, खाचेत घाण बसते तर ती घाण मोजून का घालू नये? छपाईचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो. खाचेच्या तळाच्या मापाचे बारीक तुकडे कातरले, चिमट्याने एकेक आत बसवले आणि प्रत्येक वेळी (टेप गुंडाळून!) पाठ ठोकली.

एक कागद: टक् वाजलं, लॉक पक्कं. दोन: टक् जरा बद्द, पण लॉक पक्कं. तीन: टक् वाजलं आणि दुसऱ्याच ठोक्याला पातं मिटलं. चार: टक् वाजलंच नाही, पातं लगेच लुळं, कुणाच्याही लक्षात यावं असं.

तीन कागदांपाशी मी बराच वेळ थांबले. घाण कमी असली तर चाकू काम करतो, फार असली तर उघड उघड नकार देतो. मधल्या त्या केसाएवढ्या फटीत तो फसवतो. तीन कागदांवर मार्कर पुन्हा लावला तेव्हा शाई उडाली होती ती दाताच्या अगदी कडेला, नखाच्या पांढऱ्या कडेएवढ्या पट्टीत. एवढ्याशा कडेवर सगळा भार. ठोक्याने दात वर सरकणारच.

आता खऱ्या चिखलाकडे. पिवळा पुन्हा माखवला, खोटा टक् येईपर्यंत उघडझाप केली आणि मग न ठोकता पिव्हटचा (पातं ज्यावर फिरतं त्या खिळीचा) स्क्रू काढून खोलला. खाचेत एक करडी वडी बसली होती, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी, पण घट्ट, खिडकीच्या काचेला लावतात त्या पुट्टीसारखी. तिच्यावर लॉकच्या दाताचा ठसा स्वच्छ उमटला होता. टूथपिकने उचलली तर अख्खी निघाली, आणि बोटांत चुरडली तर भुगा न होता पसरली. बुळबुळीत!

ग्रीस. माझंच ग्रीस. दोन नोंदींमागे 'पाण्यातल्या फेऱ्यांसाठी पिव्हटला आणि खाचेला जाड ग्रीस, अजिबात कंजुषी नको' असं मीच ऐटीत लिहिलं होतं. ज्यांनी ऐकलं त्यांनी आज पुसून टाका. चिकणमाती नुसत्या पाण्यात असली की दाताच्या दाबाने बाजूने पिळून निघते. ग्रीस मिसळलं की तिथेच राहते, आणि प्रत्येक उघडझापीला थर वर थर चढतो.

खात्रीसाठी तीन प्रकार, प्रत्येकी वीस वेळा, तोच चाळलेला चिखल: ग्रीस लावलेला, पूर्ण कोरडा, आणि कोरड्या पीटीएफई (टेफ्लॉन) वंगणाचा. ग्रीसवाल्यात सहा खोटे टक्. कोरड्यात एक. पीटीएफईत एकही नाही. एकदा लॉक लागलंच नाही, पण ते मला चालतं, ते कळतं तरी. वीस फेऱ्या म्हणजे काही ब्रह्मवाक्य नाही, पण सहा आणि शून्य यांतला फरक बघून मी ग्रीसची नळी सायकलच्या सामानात टाकली. पिवळ्याचं पातं एच-१ या न गंजणाऱ्या पोलादाचं आहे, गंजायचा प्रश्नच जवळपास नाही, मग ग्रीस लावायची हौस मला का आली देव जाणे.

तर ठरवलं होतं असं: पीटीएफई लावायचं, पिवळ्याला परत यादीत घ्यायचं, आणि पुढची नोंद बेल्टवर. पण हे लिहिता लिहिता पिवळा हातात घेऊन बसले होते, तीन कागद अजून आतच होते, आणि अंगठा पाठीवरून फिरवला तर लॉकबारचं पुढचं टोक पात्याच्या पाठीपेक्षा किंचित वर लागलं. पायरी! कागद काढले, पायरी गेली. म्हणजे आवाजावर विश्वास ठेवायचाच नाही. उघडल्यावर अंगठा पाठीवरून एकदा पुढे न्यायचा. उघडल्यानंतरचा अंगठा तसाही तिथेच असतो. उघड्या अंगठ्याला तीन कागदांची पायरी नक्की लागते. नायट्राईलच्या मोज्यातून लागते, ओला असला तरी. चामड्याच्या जाड रेस्क्यू मोज्यातून मला काहीही लागलं नाही.

मग लाल चाकू. त्याला आडव्या दांडीचं लॉक आहे, बेंचमेड या चाकूंच्या कंपनीने १९९८ मध्ये ॲक्सिस नावाने आणलं त्या जातीचं. त्याला मी आजवर 'चिखलात नाजूक' म्हणून खालच्या नंबरावर ठेवलं होतं, कारण आतल्या स्प्रिंगा चिखलात सुस्तावतात आणि दांडी मागेच अडकून राहते. तेही आज पुन्हा पाहिलं. खरंय, अडकते, पिवळ्यापेक्षा जास्त वेळा अडकते. पण अडकली की दांडीच्या दोन्ही टोकांची बोंडं मागे दिसतात, पातं खुळखुळतं, आणि जाड मोज्यातूनही अंगठा-तर्जनीला बोंडाची जागा कळते. पुढे ढकललं की बसते. लाल जास्त वेळा नापास होतो पण बोंबलून होतो. त्यामुळे माझा गुणतक्ता मोडीत. 'लॉक किती वेळा लागलं' या रकान्याशेजारी 'न लागलेलं कळलं का' हा नवा रकाना, आणि त्याला दुप्पट गुण.

बाकीचं थोडक्यात. भंगारातले सीटबेल्ट ज्याच्याकडून घेते त्याने या खेपेला उन्हाने कडक झालेले, रंग उडालेले पाठवले; त्यांवर कुठलंही पातं शूर दिसतं, म्हणून ते आकडे धरलेले नाहीत. सैल बेल्टची अडचण मात्र बरीच सुटली: बेल्ट काटकोनात न कापता ४५ अंशात, आणि मोकळ्या हाताने पात्यापासून दूर ओढून. दात्यांत घडी अडकणं जवळजवळ थांबलं. काचेवर नवीन काही नाही. लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा थर असलेल्या) काचेपुढे काच फोडायचं कार्बाइडचं टोक हतबलच, तिथे व्हिक्टोरिनॉक्सच्या रेस्क्यू टूलसारखी काचेची करवतच हवी, आणि तिचा भुगा डोळ्यांत जाऊ नये म्हणून गॉगल.

रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या मित्राला हा सगळा कागदांचा उपद्व्याप दाखवला. तो म्हणाला, "अगं, कपडे मी कात्रीने कापतो, बेल्ट हुकने कापतो. लॉक लागतंय कुठे?" बरोबर आहे त्याचं, बेल्टपुरतं. हुकला (आतल्या बाजूला धार असलेल्या बेल्ट कापायच्या आकड्याला) लॉकच नाही, मिटायचा प्रश्न नाही, आणि ताणलेल्या दोराजवळ उघडं पातं नेण्यापेक्षा हुक कधीही बरा. भाराखालचा दोर पात्याच्या नुसत्या स्पर्शानेही तुटायला लागतो. पण हुकच्या तोंडात न मावणारी जाड गोष्ट आली की शेवटी चाकूच काढावा लागतो, आणि तोही तेव्हा चिखलाने भरलेला असतो.

त्यालाच कामाला लावलंय. येत्या रविवारी तो अंधाऱ्या खोलीत मला एकेक चाकू उघडून हातात देणार, काहींत तीन कागद, काहींत दोन, काहींत काहीच नाही. मी चामड्याचे मोजे घालून फक्त बोटांनी सांगायचं, लागलंय की नाही. सगळ्या धारांवर टेप. रीळ आत्ताच टेबलावर आणून ठेवलंय.