घरघरीखालची टकटक

श्रावणाचा दुसरा आठवडा. आमच्या धंद्यात वर्षातले सगळ्यात घाईचे दिवस. दिवाळी अंकांचे मजकूर येऊन पडलेले असतात आणि गणपती बसायच्या आत दोन-तीन फर्मे, म्हणजे एका कागदावर एकत्र छापायच्या पानांचे संच, तरी छपाईला सोडायचे असतात. मी पुण्यात नारायण पेठेत घरीच डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, करते, २२ वर्षं झाली. त्या सकाळी कॉम्प्युटर सुरू केला आणि टेबलाखालच्या डब्यातून, म्हणजे सीपीयूच्या कॅबिनेटमधून, घरघर आली, कोरडं जातं ओढल्यासारखी. दहा मिनिटांत ती कमी झाली, अर्ध्या तासात थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाचव्या दिवशी ती थांबेचना, तेव्हा मी घाबरले. त्या डब्यात माझी १२ वर्षांची कामं होती.

डबा रिक्षात घातला आणि एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या मुलाने बाजूचं झाकणही उघडलं नाही. मशीन सुरू केलं, दोन मिनिटं कान दिला आणि म्हणाला, “एसएमपीएस गेलाय, मॅडम. मशीन पण जुनं झालंय, नवीनच घेऊन टाका.” एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला भाग. नव्या मशीनचा आकडा ४८ हजार. मी डबा उचलून परत आणला. पैसे लागणार असतील तर लागू देत, पण आत न बघता निदान कसं सांगता येईल? डॉक्टरने पोटाला हात न लावता ऑपरेशन सांगावं तसं ते मला वाटलं.

माझे सासरे, अण्णा, यांनी भोसरीच्या एका कारखान्यात ३१ वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “आवाज कुठून येतोय ते कुणी शोधलं का?”

“नाही, अण्णा.”

“मग पार्ट कसा ठरवला त्याने?”

कारखान्यात लेथच्या, म्हणजे धातू कातायच्या यंत्राच्या, बेअरिंगचा आवाज आला की ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे आणि मूठ कानाशी धरायचे. त्या दांडीतून फक्त तेवढ्याच जागेचा आवाज येतो, बाकीच्या कारखान्याची गडबड बाहेर राहते. ते तसेच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उठले. मीच थांबवलं, चालू मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवर, लोखंडाचं टोक घसरलं तर शॉर्ट व्हायला क्षण लागत नाही. मग मला ट्रेसिंग पेपरच्या रोलची पुठ्ठ्याची नळी आठवली. हातभर लांब, कडक, आणि वीज वाहून न नेणारी. एक टोक कानाला, दुसरं आवाजाच्या जागी. पुढचे दहा दिवस तीच आमची स्टेथोस्कोप झाली.

पण त्याआधी अण्णांनी मला वही काढायला लावली. आवाज कधी येतो? सुरू केल्या केल्या, की काम वाढलं की? सलग येतो की थांबून थांबून? मशीन गरम झाल्यावर वाढतो की घटतो? मी लिहिलं: गार असताना जास्त, सलग, गरम झाल्यावर कमी. ते वाचून अण्णा म्हणाले, “हे फिरणाऱ्या वस्तूचं दुखणं आहे. तेल वाळलंय कुठेतरी.” तेव्हा डबा उघडलाही नव्हता.

आत फिरणाऱ्या वस्तू मोजल्या तर चार निघाल्या: मागचा पंखा, प्रोसेसरवरचा पंखा, एसएमपीएसच्या पोटातला पंखा आणि हार्ड डिस्क. डीव्हीडी ड्राइव्ह होता, पण त्याची वायर मी कधीच काढून ठेवली होती.

ऐकायला शांतता हवी आणि आमच्याकडे तीच नव्हती. संध्याकाळी नदीपात्रातून ढोल-पथकांचा सराव सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरतात. तेव्हा रात्री साडेदहानंतर, छताचा पंखा बंद करून, फ्रिजचा स्विचही पाच मिनिटं बंद करून आम्ही बसलो. मी बांगड्या काढल्या, ओढणी बाजूला ठेवली. भिंतीचा स्विच बंद, मागची वायर काढलेली, आणि वायर काढल्यावरही चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत साठलेली वीज बरीचशी निघून जाते. मग डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावला, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून. झाकण काढलं. धूळ अशी की प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांना राखाडी मिशा फुटल्यासारख्या. आमच्या गल्लीत दोन जुने वाडे पाडून इमारती उठताहेत, त्याचा चुरा सगळा इथे येऊन बसला होता. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने झाडली. झाडताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर ब्लोअरच्या झोताने तो भलत्याच वेगाने फिरतो आणि बेअरिंगचं नुकसान होतं.

साफ करूनही घरघर तशीच. सुरू केलं, नळी लावली. प्रोसेसरवर: वाऱ्याचा आवाज, बाकी काही नाही. एसएमपीएसच्या जाळीशी: बारीक गुणगुण, एकसारखी. मागच्या पंख्याशी नळी नेली आणि मी दचकून कान काढला. कानात कुणी खडी ओतावी तसं झालं.

तरी अण्णा खात्री करून घेतल्याशिवाय थांबणारे नव्हते. मशीन पूर्ण बंद केलं, डबा आडवा निजवला, पुन्हा सुरू केलं. (चालू असताना डबा कधीही हलवायचा नाही, आत हार्ड डिस्क फिरत असते.) घरघरीचा सूर बदलला, जवळजवळ गेलीच. स्वस्त पंख्यात आस एका तेल मुरवलेल्या नळकांड्यात फिरतो. तेल संपलं की नळकांडं एका बाजूने खाल्लं जातं, आणि डबा आडवा केला की भार दुसऱ्या बाजूला जातो. शेवटी पुन्हा बंद करून मागच्या पंख्याची तीन पिनांची वायर काढली आणि पाच मिनिटं मशीन चालवलं. घरघर नाही. मागचा पंखा एवढा वेळ बंद राहिला तर बिघडत नाही. प्रोसेसरवरचा पंखा काढून मात्र मशीन चालवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीतून १२० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा पंखा आणला. साडेचारशे रुपये. बसवताना एकच जपायचं, वाऱ्याची दिशा. ज्या बाजूला मधल्या मोटारीला धरणारे आडवे दांडे असतात, त्या बाजूने वारा बाहेर पडतो. ती बाजू बाहेरच्या जाळीकडे. चार स्क्रू, झालं. इतकी शांतता मी त्या खोलीत कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. अण्णांना आनंद झाला होता. चहा झाला, ते झोपायला गेले.

मी कामाला बसले. साडेअकराच्या सुमाराला एका कथेचं पान सेव्ह केलं आणि ऐकलं.

टक्. थांबा. टक्. टक्.

माऊसचा बाण गोठला. सात-आठ सेकंद. मग पान सेव्ह झालं आणि सगळं सुरळीत. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. हा आवाज आजचा नव्हता. सेव्ह करताना अडकणं गेला महिनाभर चाललं होतं. मी ते जुन्या मशीनवर ढकलत होते. घरघर इतकी मोठी होती की तिच्या खालची ही टकटक ऐकूच आली नव्हती. दुकानातल्या मुलालाही आली नव्हती, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे एसएमपीएस बदलला असता तर ती तशीच चालू राहिली असती.

हार्ड डिस्कच्या पत्र्यावर बोट टेकवलं आणि तीच फाइल पुन्हा सेव्ह केली. टक् कानाला आला त्याच क्षणी बोटाखाली बारीक ठोका लागला. नळीची गरजच उरली नाही.

माझी डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्या तबकडीवर वाचणारं हेड काही नॅनोमीटरच्या अंतरावर तरंगत असतं. एखादी जागा वाचता आली नाही की ते मागे जातं, पुन्हा जागा शोधतं, पुन्हा वाचायला येतं. त्या हिसक्याचा तो टक्. डिस्क मेहनत करते आहे आणि तिला जमत नाही, असा त्याचा अर्थ.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकटचा प्रोग्राम उघडला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तो ती दाखवतो. निळ्याच्या जागी पिवळा चौकोन, सावधान. खाली सी-५ क्रमांकाची ओळ: वाचता न आल्यामुळे निकालाची वाट बघत असलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. पुढे आकडा १८. हा १८ साधा नाही, तो दहाऐवजी सोळाच्या गटांत मोजलेला आहे, हेक्साडेसिमल. म्हणजे १६ आणि ८, एकूण २४. मी वहीत तारीख घालून लिहून ठेवलं. यंदाच्या अंकांचं फोल्डर, ११ गिगाबाइट, तेवढं पेनड्राइव्हवर उतरवलं आणि मशीन बंद केलं. झोप लागली नाही. शेवटचा पूर्ण बॅकअप गुढीपाडव्याचा होता.

सकाळी बहिणीच्या मुलाला फोन केला, तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचा पहिला प्रश्न, “मावशी, तू चेकडिस्क लावलंस का?”

“अजून नाही. लावू का?”

“अजिबात लावू नकोस. मी येईपर्यंत मशीन सुरूच करू नकोस.”

त्याचं म्हणणं मला आता पुरतं पटलं आहे. चेकडिस्क हा विंडोजचाच प्रोग्राम फाइलींची मांडणी दुरुस्त करायला निघतो. त्यासाठी आधीच थकलेल्या डिस्कला पळवतो, खराब सेक्टर शोधायला लावला तर टोकापासून टोकापर्यंत, आणि वर तिच्यावरच लिहितो. विखुरलेल्या फाइली एकत्र लावणाऱ्या डीफ्रॅगचंही तेच. मरणाऱ्या डिस्कची आधी नक्कल काढायची, दुरुस्ती मग नकलेवर करायची.

त्याने पेनड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स सुरू केलं आणि डीडीरेस्क्यू, म्हणजे बिघडलेल्या डिस्कची नक्कल काढणारा प्रोग्राम, लावलं. आधी डिस्कच्या तब्येतीचा आकडा बघितला: ३२. एका रात्रीत आठ सेक्टर वाढले होते. डीडीरेस्क्यूची रीत मला फार आवडली. तो अडलेल्या जागी हट्ट धरत नाही. जे सहज वाचता येतं ते आधी सगळं उचलतो, अडलेल्या जागा नकाशाच्या फाइलीत टिपून पुढे जातो, आणि शेवटी परत येऊन त्या जागांशी झगडतो. मध्येच वीज गेली तरी नकाशावरून तिथून पुढे चालू करता येतं. आम्ही रात्री सव्वादहाला लावलं. नक्कल उतरवायला दोन टेराबाइटची नवी डिस्क आणली होती. मी शेजारी खुर्ची टाकून बसले. बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम टक्, टक्, टक्. प्रत्येक ठोक्याला पोटात गोळा यायचा. या डिस्कवर एका लेखिकेच्या आठवणींचं पुस्तक होतं. त्या आता नाहीत, आणि हस्तलिखित त्यांच्या घरी उरलेलं नाही.

सकाळी साडेसातला पहिली फेरी संपली, दुपारपर्यंत बाकीची. १ टेराबाइटपैकी ५६ किलोबाइट वाचता आले नाहीत. ते कुठल्या फाइलींतले हे शोधलं: एका जुन्या अंकाचं जाहिरातीचं पान, आणि विंडोजच्या स्वतःच्या दोन फाइली. आठवणींचं पुस्तक पानापानाने उघडून पाहिलं. सगळं होतं.

नवी एसएसडी, म्हणजे चिपांची डिस्क, बसवली, विंडोज नव्याने टाकलं, नकलेवरून फाइली आणल्या. आणि त्या शांततेत तिसरा आवाज सापडला! बारीक चीं, डासासारखी. लांब पीडीएफ भराभर वर-खाली सरकवली की येते, थांबलं की थांबते. भाच्याने तो लगेच ओळखला. मदरबोर्डवर तारेची वेटोळी असतात. वीज कमी-जास्त ओढली गेली की ती अगदी बारीक थरथरतात. अण्णा म्हणाले, “म्हणजे कोपऱ्यावरच्या डीपीसारखंच.” तसंच आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून डीपीचा ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झवर जाड गुणगुणतो. इथे तोच प्रकार फार वरच्या पट्टीत होतो. त्याने काही बिघडत नाही. वहीत लिहिलं, ‘चीं: वेटोळी, दुर्लक्ष’, आणि खरंच दुर्लक्ष केलं.

एसएमपीएस अजून तोच आहे. त्याच्या पंख्याशी नळी लावून आम्ही तीन वेगवेगळ्या रात्री ऐकलं, एकसारखा फिरतो. त्यात कधी आवाज आलाच तर अख्खा बदलायचा, उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट आणि त्याहून जास्त चढलेले असतात आणि वायर काढल्यावरही काही वेळ टिकतात. अण्णांनी ३१ वर्षं पॅनेल हाताळली, पण तो डबा त्यांनीही उघडला नाही.

पहिले दोन फर्मे गणपतीच्या आदल्या दिवशी गेले. मला आता रुखरुख वेगळीच आहे. जुन्या डिस्कने महिनाभर ठोठावून सांगितलं तरी होतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. ती जाईल तेव्हा आवाज न करता जाईल. म्हणून नळी टेबलामागे उभी करून ठेवली आहे ती पंख्यांपुरती, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी प्रोग्राम उघडून एसएसडीच्या तब्येतीचा आकडा वहीत लिहिते, मग दोन टेराबाइटची डिस्क जोडून सगळं उतरवून घेते. अण्णा शेजारी बसून तारीख सांगतात. या रविवारी ९९ टक्के होता.