चौकोनी आरसा, गोल उजेड

जेवण झाल्यावर खिडकीत बसून घड्याळाची काच पुसत होतो, तर छतावर उजेडाचा ठिपका नाचायला लागला. असा ठिपका सोडून देणं मला कधीच जमलेलं नाही. आधी पंख्यावर नेला, मग कॅलेंडरवर, मग डुलकी काढणाऱ्या बायकोच्या नाकावर. (पुढचं सांगत नाही.)

हे व्यसन मामाच्या गावचं. मे महिन्यात मोठी माणसं माजघरात लवंडली की आम्ही फुटक्या आरशाचे तुकडे घेऊन ओट्यावर. माझा तुकडा चौकोनी. समोरच्या भिंतीवर त्याचा उजेड चौकोनीच पडायचा, पण पार लांब देवळाच्या भिंतीवर टाकला की गोल. मामेभाऊ म्हणे, तुझा हात हलतोय. शेवटी तुकडा दगडाला टेकवून ठेवला आणि दोघंही बाजूला झालो. गोल तो गोलच! लांब गेल्यावर आरशाचा आकार पुसला जातो आणि सूर्याचाच उमटतो, हे शाळेत फार उशिरा कळलं. पटलं मात्र १९९५च्या दिवाळीत, ग्रहणाच्या सकाळी कडुनिंबाखाली पानांतून आलेल्या उजेडाच्या चंद्रकोरींचा सडा पडला तेव्हा.

या खेळातून कुणी नाव कमावतं, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नाही. ओलाफुर एलियासन या कलावंताने २००३ साली लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात, म्हणजे जुन्या वीजकेंद्राच्या टर्बाइन हॉलमध्ये, चक्क सूर्य लावला. तोही अर्धाच. पिवळ्या दिव्यांचं अर्धवर्तुळ, आणि उरलेला अर्धा छताला लावलेल्या आरशांनी भरून काढलेला. हवेत धुकं सोडलेलं. दिवे एकाच पिवळ्या रंगाचे, त्यामुळे कुणाचा स्वेटर लाल असो की निळा, दिसणार पिवळा नाहीतर काळा. रात्री सोडियमच्या दिव्याखाली आपली लाल एसटी मातकट दिसायची, त्याच्याही पुढची पायरी. मी फोटोच पाहिलेत. त्यांत ओव्हरकोटवाली माणसं फरशीवर खुशाल उताणी पडून छतातल्या स्वतःला हात करतायत.

पण मला भावलं ते वेगळंच. त्या सूर्याच्या मागे जाता यायचं, आणि तिथे दिवे, वायरी, सांगाडा, सगळं उघडं होतं. प्रकाशाच्या कुठल्याही प्रदर्शनात मी आधी प्लग शोधतो. काळोख्या खोलीत सोडून 'फक्त अनुभवा' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. बाजूचे लोक भारावलेले असतात आणि मी वाकून पडद्यामागे बघत असतो. बायको म्हणते, तुझ्याबरोबर येण्यात अर्थ नाही.

मामाच्या माजघरात तर फुकटचं प्रदर्शन होतं. कौलांच्या फटींतून तिरके कवडसे, त्यांत तरंगणारी धूळ, शेणाने सारवलेल्या जमिनीवर गोल गोल रुपये. हात धरला की रुपया तळव्यावर. आता तिथे स्लॅब पडलाय. मी हळहळलो तशी मामी म्हणाली, "तुला काय रे जातंय! पावसाळ्यात त्याच भोकांखाली पातेली मी मांडायचे."