आत्याचं शटल आणि ग्लासगोचा जुना बाजार

ग्लासगोच्या पूर्व भागात शनिवार-रविवारी ‘बॅरास’ भरतो. हातगाड्यांवर माल लागायचा तेव्हापासूनचा हा बाजार. पितळी कड्या, ग्रामोफोनच्या तबकड्या, कुणाच्या तरी लग्नातले चहाचे सेट, अनोळखी माणसांचे घरगुती फोटो. कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार अंगवळणी पडलेल्या माणसाला इथं परकं वाटत नाही. फक्त मिरचीचा खकाणा नसतो आणि पाऊस पाचवीला पुजलेला.

मी जातो ते आत्याच्या कामाला. मंगळवार पेठेत तिच्याकडं आजीचं हातानं फिरवायचं सिंगर मशिन आहे. परकर, उशांचे अभ्रे, शेजारणींच्या उसवलेल्या ब्लाउजच्या शिवणी, सगळं त्यावरच. आता त्याचं शटल, म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन ज्यात बसते तो भाग, झिजलंय आणि दोरा सारखा तुटतो. दुरुस्तीवाला म्हणाला, “मावशी, ह्याचं सामान येत नाही आता. मोटरचं घ्या.” आत्याला मोटर नको. हात थांबला की सुई थांबली पाहिजे, हा तिचा हट्ट. मला तो पटतो.

फोनवर तिला मशिनवरचा नंबर वाचायला लावला. चष्मा शोधण्यातच निम्मा वेळ गेला! नंबर ‘वाय’ या अक्षरानं सुरू होत होता. म्हणजे मशिन साधारण 1935 च्या आधीचं आणि क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. क्लाइडबँक इथून लोकलनं जवळच आहे. तिथं 1885 मध्ये सुरू झालेल्या त्या कारखान्यात ऐन भरात दहा हजारांहून जास्त माणसं कामाला होती. वर चार तोंडांचं अवाढव्य घड्याळ होतं, ते 1963 मध्ये पाडलं. 1980 मध्ये कारखानाही बंद झाला. स्टेशनचं नाव मात्र अजून ‘सिंगर’च आहे. हे ऐकून आत्या म्हणाली, “मग उतर की तिथंच आणि माग!”

तिथं आता ऑफिसं आहेत. मशिनं मात्र बाजारात ढिगानं येतात, कारण घरी शिवतो कोण? पायमशिनचे ओतीव लोखंडी सांगाडे कॅफेत टेबलांचे पाय होतात, काळी-सोनेरी मशिनं दुकानांच्या काचेत शोभेला बसतात. मी शिवायला हवंय म्हटल्यावर एका म्हाताऱ्या विक्रेत्यानं मला नीट न्याहाळलं आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढं सरकवला. आत सुट्ट्या भागांचा खच. नावेसारखं लांबट शटल आत्याच्या मशिनच्या फोटोशी ताडून पाहिलं. टोकावरून नख फिरवलं, कुठं अडकलं नाही. गंज नव्हता, दोरा दाबणारी पट्टी शाबूत होती. सोबत लांब बॉबिनीही घेतल्या. घासाघीस केलीच, कोल्हापूरचं नाव राखायला नको?

एवढ्यात गावाकडं निघालेल्या मित्राच्या बॅगेतून ते जाईल. तोवर आत्याला मी इथली चॅरिटी दुकानं व्हिडिओवर दाखवली. लोक घरातले कपडे, कपबशा फुकट आणून देतात, दुकानात बरेचजण बिनपगारी काम करतात आणि विक्रीचे पैसे संस्थेच्या कामाला जातात, हे समजावून सांगितलं. बोहारणीशी एका पातेल्यासाठी तासभर हुज्जत घालण्यात जिची हयात गेली, ती आत्या स्क्रीनकडं बघतच राहिली.

“एवढं चांगलं कापड दिलं,” ती म्हणाली, “आणि बदल्यात साधी वाटीसुद्धा नाही घेतली?”